मुलींना जोड मिळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या वाचकपत्रांत एका ज्येष्ठ गृहस्थांचे पत्र छापून आले. मिक्स्ड मार्शल आर्ट्स (ठोसे, लाथा, कुस्ती, ज्युदो सगळे एकत्र), म्हणजे ज्याला पोरे एमएमए म्हणतात, तो पाश्चात्त्यांचा रानटी प्रकार आहे, मुलींनी पिंजऱ्यात उतरून मारामारी करणे आपल्या संस्कृतीत बसत नाही आणि पालकांनी वेळीच लगाम घालावा, असा एकंदर सूर. पत्र तळमळीने लिहिले आहे आणि शुद्धलेखनही चोख आहे. तरी उत्तर दिल्याशिवाय राहवेना. एक तर माझी एकोणीस वर्षांची नात याच खेळात आहे. दुसरे, मी बडोद्यात मराठी शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेली बाई. शालेय कुस्ती आणि ज्युदोच्या स्पर्धांत वजनकाट्याच्या टेबलावर बसण्याचे काम वर्षानुवर्षे माझ्याकडे असे, कारण मुलींची वजने घ्यायला बाईच लागते आणि पहाटे सहाला यायला दुसरी कुणी बाई तयार नसे.

आधी संस्कृतीचे बघू. हे पत्र आणखी कुठून आले असते तर सोडून दिले असते. पण बडोद्यात राहून हे लिहायचे? सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये गामा पहिलवानाने डिसेंबर १९०२ मध्ये उचललेला बाराशे किलोचा दगड ठेवलेला आहे. (उचलला म्हणजे जमिनीपासून नेमका किती उचलला, यावर आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वाद आहे, तो इथे नको.) जुम्मादादा नावाच्या मुसलमान उस्तादांच्या हाताखाली प्रो. माणिकराव तयार झाले आणि गुरूचे नाव त्यांनी व्यायाममंदिराला दिले, ते आजही चालू आहे. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, वाडीत वाढलेल्या मराठी घरांत एखादे तरी आजोबा तालमीची माती अंगाला लावून आलेले निघतातच.

आणि बायकांचे म्हणाल, तर १९५४ च्या मे महिन्यात याच शहरात हमीदा बानूने बाबा पहिलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केले होते. बाई मूळची मिर्झापूरची, तयार झाली अलीगढला. जो मला हरवील त्याच्याशी लग्न करीन, असे तिचे जाहीर आव्हान. पतियाळाचा आणि कलकत्त्याचा पहिलवान लोळवून ती इकडे आली. बडोद्यात आधी छोटे गामा तिच्याशी लढायचे होते. महाराजांचा आश्रय असलेला मल्ल, पण ऐन वेळी बाईशी लढणार नाही म्हणून मागे सरला. मग बाबा पहिलवान उभे राहिले आणि दीड मिनिटात कारभार आटोपला. माझे वडील तेव्हा कॉलेजात होते. शहरभर लॉऱ्यांवर तिचे फलक फिरत होते, असे ते सांगत. कुस्ती बघायला गेला होतात का, असे विचारले की विषय बदलत. आजोबांना कळू द्यायचे नसणार.

हमीदा बानूची गोष्ट इथे सांगण्याचे कारण वेगळेच आहे. तिच्या तोडीची दुसरी बाई तेव्हा देशात नव्हती. मुंबईला व्हेरा चिस्टिलिन नावाची रशियन मल्ल तिच्यासमोर उभी केली, तर तिला हिने मिनिटभरही टिकू दिले नाही. जोडच नाही म्हटल्यावर उरले पुरुष. पुरुषांशी कुस्ती म्हटली की लोकांना ती नूरा, म्हणजे आधीच ठरवून केलेली, वाटणार, आणि तसेच झाले. कोल्हापुरात सोमासिंग पंजाबीला तिने हरवले तर प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, दगड मारले. रामचंद्र साळुंखेंशी ठरलेली कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. तिने तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली. उत्तर आले, बाई म्हणून अडवलेले नाही, आयोजक तिच्यासमोर नकली मल्ल उभे करतात अशा तक्रारी आहेत. उतारवयात ती कल्याणला दूध विकून, खोल्या भाड्याने देऊन आणि शेवटी रस्त्यावर खाण्याचे पदार्थ विकून जगली. अंगात बळ होते, नाव होते, गर्दी होती. समोर उभी राहायला बाई नव्हती.

म्हणून त्या गृहस्थांना माझे सांगणे असे की, मुलींची काळजी असेल तर त्यांना घरी बसवू नका, आणखी मुली पाठवा. या खेळात मुलींना जो धोका आहे त्यातला मोठा भाग मुली कमी असल्यामुळे आहे.

परदेशात काय झाले तेही बघा. हे मी नातीकडून शिकले. रविवारी सकाळी मुलगा फाफडा-जलेबी आणायला बाहेर पडला की आम्ही दोघी तिच्या मोबाइलवर लढती बघत बसतो, तिकडे तेव्हा शनिवारची रात्र असते. तिचे बोलणे भराभर, माझे प्रश्न सावकाश. पण वजनगट हा विषय निघाला की मी तिला शिकवते.

अमेरिकेत सुरुवातीला बायकांच्या लढतींना फेऱ्यासुद्धा आखूड असत, पुरुषांना पाच मिनिटे तर बायकांना तीन. १५ ऑगस्ट २००९ ला सॅन होजेमध्ये जिना कारानो आणि ख्रिस सायबोर्ग यांची पाच मिनिटांच्या फेऱ्यांची लढत झाली. मोठ्या कार्यक्रमातली शेवटची, मुख्य लढत बायकांची असण्याची ती पहिली वेळ. सायबोर्गने पहिली फेरी संपायला एक सेकंद असताना ती जिंकली. एवढे होऊनही २०११ च्या सुरुवातीला यूएफसी या एमएमएच्या सगळ्यांत मोठ्या अमेरिकन कंपनीचे प्रमुख डेना व्हाइट यांना रस्त्यात कुणी विचारले, तुमच्याकडे बायका कधी लढणार? ते म्हणाले, कधीच नाही. त्यांचेही कारण ऐकण्यासारखे होते. चांगल्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, लढती एकतर्फी होतील, असा त्यांचा हिशेब. माणूस धंद्याचा, पण बोलला ते जोडीबद्दलच.

दोनच वर्षांनी, २३ फेब्रुवारी २०१३ ला, त्यांच्याच पिंजऱ्यात रोंडा राउझी आणि लिझ कारमूश उतरल्या. राउझीकडे बीजिंग ऑलिंपिकचे ज्युदोतले कांस्य होते, कारमूश अमेरिकेच्या मरीन दलातली माजी सैनिक. लोकांना राउझीचा आर्मबार, म्हणजे कोपर उलटे ताणण्याचा डाव, आठवतो, ४ मिनिटे ४९ सेकंदांना लागलेला. नातीने मला त्याच्या आधीचा भाग दाखवला. कारमूश पाठीवर चढून राउझीची मान पिळते आहे आणि राउझी उभ्यानेच तिला झटकून टाकायला बघते आहे. बायकांची पहिलीच लढत आणि चॅम्पियन हरता हरता वाचली. त्या मिनिटभरात लोकांची खात्री पटली असेल, असे मला वाटते.

सगळे श्रेय राउझीला देण्याची पद्धत आहे, तिथे माझे आणि नातीचे जमत नाही. राउझी नसती तर आणखी दोन-तीन वर्षे गेली असती, इतकेच. तिच्या आधी जपानमध्ये बायकांच्या वेगळ्या स्पर्धा वर्षानुवर्षे चालल्या होत्या, तिथली मेगुमी फुजिई ओळीने बावीस लढती जिंकली होती. २०१२ मध्ये शॅनन नॅप या बाईने इन्व्हिक्टा नावाची स्पर्धा काढली. पहिल्या लढतीपासून शेवटच्या लढतीपर्यंत सगळ्या बायका, आणि वजनगटही ४७.६ किलोपासून. यूएफसीने २०१४ मध्ये ५२.२ किलोचा गट सुरू केला तेव्हा मुली आणल्या कुठून? बऱ्याचशा इन्व्हिक्टातूनच उचलल्या. विजेतेपदाचा पहिला पट्टा जिंकलेली कार्ला एस्पार्झा तिथलीच. आधी शेत तयार झाले, मग पीक आले. पुढच्याच वर्षी मेलबर्नच्या स्टेडियममध्ये ५६,२१४ लोक बसले होते आणि शेवटच्या दोन्ही लढती बायकांच्या होत्या. त्यातल्या एकीत हॉली होमने डोक्यावर लाथ मारून राउझीला पाडले. राउझीचे युग संपले आणि खेळाला ओरखडाही गेला नाही. चीनच्या झांग वेलीने २०१९ मध्ये शेन्झेनला, म्हणजे घरच्या लोकांसमोर, ४२ सेकंदांत पट्टा घेतला. नातीच्या भिंतीवर तिचाच फोटो आहे.

आता उलट उदाहरण. ६५.८ किलोचा गट यूएफसीने २०१७ मध्ये काढला, पण त्यात क्रमवारी लावण्याइतक्या बायका कधी जमल्याच नाहीत. सायबोर्ग त्या वजनाची. तिला आधी, २०१६ मध्ये, ६३.५ किलोपर्यंत उतरवून लढवले, आणि ते वजन उतरवताना तिचे काय हाल झाले त्याची चित्रफीत बघवत नाही. २०१८ च्या शेवटी अमांडा नुनेसने तिला ५१ सेकंदांत हरवले. नुनेसने २०२३ मध्ये निवृत्ती घेतली आणि तो पट्टा रिकामा पडला तो पडलाच. गट मेला. केयला हॅरिसन ही ज्युदोत दोनदा ऑलिंपिक सुवर्ण मिळवलेली बाई आधी ७०.३ किलोत लढायची. यूएफसीत तिच्या वजनाचा गटच नाही, म्हणून ६१.२ पर्यंत खाली आली. जिंकली, २०२५ मध्ये पट्टाही घेतला. पण नऊ किलो! निक्को माँटॅन्यो ५६.७ किलोच्या गटाची पहिली विजेती. पुढची लढत २०१८ च्या सप्टेंबरमध्ये होती, ती वजन उतरवतानाच इस्पितळात गेली आणि पट्टाही गेला. या बायकांना प्रतिस्पर्ध्याच्या ठोशाने जेवढे छळले नसेल तेवढे वजनकाट्याने छळले.

आपल्याकडे हे समजावून सांगायची गरज उरलेली नाही. पॅरिसला ऑगस्ट २०२४ मध्ये विनेश फोगाट १०० ग्रॅमने बाद झाली तेव्हा सगळा देश रात्रभर काट्याविषयी बोलत होता. फरक एवढाच की ऑलिंपिक कुस्तीत वजन लढतीच्या दिवशी सकाळी घेतात, दोन दिवस कुस्त्या असतील तर दोन्ही दिवशी. एमएमएच्या मोठ्या स्पर्धांत ते आदल्या दिवशी सकाळी होते. म्हणजे मधे चोवीस तासांहून जास्त वेळ मिळतो. म्हणून पोरी पाणी तोडतात, गरम पाण्यात बसतात, काट्यावर उतरतात आणि मग दिवसभर पाणी पितात. आशियातल्या ‘वन चॅम्पियनशिप’मध्ये २०१५ साली यांग जियान बिंग हा चिनी लढवय्या असेच वजन उतरवताना दगावला, तेव्हापासून तिथे लघवी तपासून शरीरात पाणी पुरेसे आहे की नाही ते बघतात. हा नियम आपल्याकडे गावोगावी होणाऱ्या स्पर्धांत मला कुठे दिसला नाही.

मुलींच्या बाबतीत तर जास्तच जपायला हवे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला, गुजरातचा आकडा त्याहून वरचा. आधीच रक्त कमी, त्यात पंधरा दिवस उकडलेली कोबी खाऊन तीन किलो उतरवायचे. पाळी चुकते. मुली सांगत नाहीत, सरांना तर नाहीच नाही. टेबलावर बसल्यावर मी विचारायचे. काट्यावर उभी असलेली मुलगी खाली बघून हळूच बोलते, आणि काही जणी तर बाईने विचारले म्हणूनच रडतात.

आपल्या मुली या खेळात आल्याच आहेत, त्याला आता कुणाचा इलाज नाही. रितू फोगाट कुस्ती सोडून नोव्हेंबर २०१९ मध्ये बीजिंगला पहिली लढत पहिल्याच फेरीत जिंकली, आणि दोन वर्षांनी सिंगापूरला ‘वन’च्या ग्रां प्रीच्या अंतिम लढतीपर्यंत गेली. तिथे थायलंडच्या स्टॅम्प फेअरटेक्सने तिला आर्मबार लावला. उत्तर प्रदेशातल्या बुढान्याची पूजा तोमर वुशू या चिनी युद्धकलेतून आली. ८ जून २०२४ ला लुईव्हिलमध्ये ब्राझीलच्या रायने दोस सांतोसला हरवून ती यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय बाई ठरली. त्या लढतीचे गुण मी नातीकडून वहीत उतरवून घेतले आहेत. एका पंचाने ३०-२७ पूजाला, दुसऱ्याने ३०-२७ समोरचीला, तिसऱ्याने २९-२८ पूजाला. एकच लढत बघून दोन पंचांनी तिन्ही फेऱ्या वेगवेगळ्या बाईला द्यायच्या! आमच्या जिल्हा स्पर्धेत असे झाले असते तर पालकांनी टेबल उलटे केले असते. पुढच्या मार्चमध्ये लंडनला पूजा हरली, पण दार उघडले ते उघडले. २०२६ च्या आयची-नागोया आशियाई खेळांत एमएमएचा समावेशही मंजूर झाला. पदक आहे म्हटल्यावर सरकारी खाती जागी होतात, हा आमचा खो-खोपासूनचा अनुभव.

नातीचे सांगते. तिची जिम वासणा रोडच्या पुढे, एका गोदामात. घरात तिचा पसारा सगळीकडे. गॅलरीतल्या दोरीवर माझ्या साड्यांशेजारी तिच्या हँडरॅपच्या लांबच लांब पट्ट्या वाळत असतात. नवा माउथगार्ड आणला तर त्याला दातांचा आकार द्यावा लागतो. तिने चहाचे पातेले घेतले, पाणी उकळले, ते रबर चिमट्याने आत सोडले, मिनिटभराने काढून गार पाण्यात जरासे बुचकळले आणि कचकन चावून आरशासमोर उभी राहिली. ओठांवरून बोटे फिरवत दाब देत होती. सुनेने ते पातेले पुन्हा चहाला वापरायला साफ नकार दिला. आता त्यावर मार्करने ‘दात’ लिहिलेले आहे.

आर्मबार म्हणजे काय, तेही तिने मला बैठकीतल्या सतरंजीवर समजावले. माझा हात तिच्या दोन मांड्यांमध्ये, मनगट छातीशी, अंगठा वर. मग कंबर इंचभर उचलली. कोपरातून जी कळ उठली तिला ओरडणे हे एकच उत्तर होते, पण मी तालमीतल्या घरची, सतरंजीवर दोनदा थाप मारली. तिने त्याच क्षणी सोडले. “बघ आजी, थाप पडली की संपले. कुस्तीत पाठ टेकते तसेच.” थाप न मारणाऱ्या मुलींना तिचे सर घरी पाठवतात, असेही म्हणाली. त्या एका वाक्याने मला त्या सरांविषयी जेवढा विश्वास वाटला तेवढा त्यांच्या भिंतीवरच्या पदकांनी वाटला नव्हता.

पण जिममध्ये मुली किती? हाताच्या बोटांवर. एक शाळकरी, एक दोन मुलांची आई जी वजन कमी करायला येते आणि सगळ्यांत जोरात लाथ मारते, आणि आणखी एक-दोघी ज्या परीक्षा आली की गायब. नातीच्या वजनाची एकही नाही. मग स्पॅरिंग, म्हणजे सरावाची लढत, मुलांशी. मुले सांभाळून खेळतात, वाईट नाहीत. तरी सत्तर किलोच्या पोराचा सांभाळून मारलेला ठोसाही सत्तर किलोचाच असतो. एकदा नाक फुटले. मुलगा रडवेला होऊन घरी माफी मागायला आला, नात हसत होती, सून बोलेना. डोक्याला मार लागतो ही त्या गृहस्थांची भीती खरी आहे, ती मी नाकारत नाही, मलाही रात्री झोप लागत नाही. पण पन्नास किलोच्या आणखी चार मुली त्या गोदामात आल्या तर निम्मी भीती जाईल. त्यांचे पत्र वाचून कुणी आपल्या मुलीचे नाव जिममधून काढून घेतले, तर माझ्या नातीसमोर तो सत्तर किलोचा पोरगाच उरतो.

गेल्या हिवाळ्यात एका दुसऱ्या शहरात तिची लढत ठरली होती. हौशी गटाची, तीन-तीन मिनिटांच्या फेऱ्यांची. शहराचे आणि आयोजकांचे नाव लिहीत नाही. नात ५१ किलो. मी आणि मुलगा गाडीने गेलो. पोहोचल्यावर कळले, ठरलेली मुलगी आलीच नाही. आयोजक म्हणाले, हरकत नाही, दुसरी आहे. दुसरी आली. मी तिच्याकडे एकदाच बघितले आणि विचारले, हिचे वजन? “बेन, दोनचार किलोचा फरक. दोघी सारख्याच दिसतात.” मी म्हटले काटा दाखवा. काटा म्हणजे बाथरूममध्ये ठेवतात तो काचेचा, आणि तो ठेवलेला होता फोमच्या मॅटवर. ज्याने कधी वजने घेतली आहेत त्याला हे सांगायला नको की मऊ जागेवर काटा भरवशाचा राहत नाही. मी तो उचलून बाहेर पॅसेजमधल्या फरशीवर ठेवला, चारही पाय टेकलेत ना ते बघितले, आधी माझी पाण्याने भरलेली दोन लिटरची बाटली ठेवून बघितली आणि मग दोघींना उभे केले. माझी ५१.२, ती ५९.४.

ती मुलगीही बिचारी घाबरली होती. तिला सांगितले होते की समोरची ५८ ची आहे. तिची आई कोपऱ्यात डबा घेऊन बसली होती, माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. आयोजकांचे म्हणणे, तिकिटे विकली आहेत, पोस्टरवर दोन महिला लढती छापल्या आहेत. डॉक्टर कुठे आहेत विचारले तर येतीलच म्हणाले. रुग्णवाहिका रस्त्यात होती. मी नातीला म्हटले, चल. ती माझ्यावर संतापली. लढते म्हणत होती, तिला तर हत्तीशी लढायला सांगा. तिचे सर मात्र माझ्या बाजूने उभे राहिले आणि हातमोजे पिशवीत टाकून मोकळे झाले. गाडीत ती अख्खा रस्ता बोलली नाही. करजणला आम्ही चहाला थांबलो तेव्हा खिडकीची काच खाली करून म्हणाली, “पण मी पाच किलो उतरवले होते ना आजी.” त्या मुलीची लढत पुढे एका मुलाशी ‘प्रदर्शनीय’ म्हणून लावली, असे नंतर कळले. १९५४ सालापासून आपण किती पुढे आलो, त्याचा हिशेब करायला ही एक संध्याकाळ पुरे.

या अनुभवावरून काही लोक म्हणतील, बघा, आम्ही सांगतच होतो. त्यांना विचारते, शालेय कबड्डीत मॅट न घालता सिमेंटवर मुली खेळवल्या तेव्हा कबड्डी बंद करा असे कुणी म्हटले होते का? मॅट घालून मागितली. इथेही मागायला हवे. पक्क्या जमिनीवरचा, तपासलेला काटा. लढत सुरू होण्याआधी हजर असलेला डॉक्टर. ठरलेल्या फरकाहून जास्त वजन भरले तर लढत रद्द, तिकिटे विकलेली असोत वा नसोत. वजनाच्या टेबलावर बाई. आणि आठवड्यातून एक दिवस शहरातल्या सगळ्या जिममधल्या, ज्युदोच्या, वुशूच्या, कुस्तीच्या मुली एका छपराखाली एकत्र सराव करतील अशी व्यवस्था. आपापल्या सरांचा मान सांभाळत त्या वेगवेगळ्या गोदामांत मुलांचे ठोसे खात बसल्या आहेत. समा किंवा मांजलपूरच्या क्रीडासंकुलात रविवारी दुपारचे दोन तास त्यांना मिळाले तर मी काटा घेऊन येते, मानधन नको.

आणखी एक, हा मुद्दा कुणी बोलत नाही. यूएफसीत बायकांचा सगळ्यांत हलका गट ५२.२ किलोचा. आपल्या शाळांतल्या कितीतरी मुली बारावीलाही ४५-४८ च्या असतात, हे मी काट्यावरून सांगते. इन्व्हिक्टात ४७.६ चा गट आहे, जपानच्या रिझिनमध्ये ४९ चा. आपल्याकडच्या आयोजकांनी ५२ पासूनच सुरुवात केली, तर आपल्याच मुली सगळ्यांत आधी बाहेर पडतील. हलके गट आधी काढा, तिथेच तुम्हाला भरपूर मुली मिळतील.

आणि संपादक महोदय, थोडे तुमच्याबद्दलही. गेल्या महिन्यात तुमच्या स्थानिक पानावर एका स्पर्धेची बातमी होती. चार ओळींत प्रमुख पाहुणे, दोन ओळींत नगरसेवक, आणि शेवटी ‘मुलींच्या लढतींनी उपस्थितांची मने जिंकली’. कोण जिंकले, कुणाविरुद्ध, किती किलोत, काहीच नाही. पुढच्या वेळी दोघींची नावे छापा, नावापुढे वजन छापा, आधीच्या लढती किती ते छापा. वजनात आठ किलोचा फरक छापून येणार हे माहीत असेल तर आयोजक दहा वेळा विचार करतील. आणि फोटो छापणार असाल तर पंचाने हात वर केलेल्या मुलीचा छापा, शाल-श्रीफळाचा नको.

आपली,
एक निवृत्त व्यायामशिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे
(नाव व पत्ता संपादकांकडे)